उजवीकडचं बटण

“तीन महिना बी नही टिकना, काकू! एक डाव दाबं का दोन डाव दबाई जास…” बिघडलेला माउस घेऊन आलेल्या स्वप्नालीची कुरकुर कोकिळाच्या अगदी कानाशी चालली होती, कारण दोघी एकाच माउसवर वाकल्या होत्या. कैरीएवढा, काळा, गुळगुळीत माउस. पोट उलटं करून पाहिलं तर एकही स्क्रू नाही. पुन्हा कुणी उघडूच नये अशा बेतानं चिकटवलेला. जन्मतानाच ठरवून टाकायचं, एवढंच जग बाई…

“आते नवा माल बोगसच येस,” कोकिळाचे यजमान हेमकांत खुर्चीतून म्हणाले.

शहाद्याच्या स्टँडसमोरच्या या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात वर्षभर सगळे हेच म्हणत होते. खोटं नव्हतंच ते. ज्या पिवळ्या पडलेल्या कीबोर्डवर कोकिळा वीस वर्षांपूर्वी आपली आपण टायपिंग शिकली, तो अजून खडखडतोय, आणि नवे सहा महिन्यांत अंग टाकतात. पण या खऱ्याच्या आडोशाला दुसरं एक खरं बसलं होतं — हेमकांतांचा उजवा हात. चहा बशीत सांडणारा. दुरुस्त केलेली वस्तू चार दिवसांत परत आली की गिऱ्हाईक म्हणे माल बोगस, कोकिळा म्हणे माल बोगस… आणि दुपारी ते जेवून लवंडले की ती गुपचूप सोल्डरिंगची गन तापवून त्यांनी लावलेले कथलाचे सांधे पुन्हा पक्के करी. करपलेली भाकरी उलटी करून वाढावी तसं. दुकान गेलं तर पोटापुरतं काहीतरी निघेल. पण हा माणूस रिकाम्या हातांनी दिवसभर बसणार कुठे?

पातं घालून तिनं माउसची शिवण उकलली. डाव्या बटणाखालचं स्विच पार झिजलेलं, उजवीकडचं मात्र कोरं करकरीत.

“उजवं दाबसच कोन?” हेमकांत पुढे सरकले. “ते काढी डावीकडे लावो.” त्यांचीच जुनी युक्ती. कोकिळाला दर वेळी गंमत वाटे — बनवणाऱ्यानं मोजून आयुष्य दिलं, तरी एक बाजू जगायची शिल्लक राहतेच की!

त्यांनी गन उचलली. टोक बोर्डावर टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं… कथलाचा थेंब भलतीकडेच पडला. स्वप्नाली घाईघाईनं बाहेरची बस बघू लागली. कोकिळानं ओठ उघडले. ‘आते कथील बी बोगस…’ एवढं जिभेवर आलं होतं, आणि आज पहिल्यांदाच तिला त्या वाक्याचा कंटाळा आला. तिनं तो थेंब पात्यानं खरवडून काढला.

हेमकांतांनी गन तिच्यापुढे ठेवली.

“माल बोगस शे, ते खरंच. पन मन्हा हात थरथरस, कोकिळा. दुपारले चोरीछुपे लावस, ते आते लाव. कोठे ते मी सांगस… तुन्हा सांधा मन्हापेक्षा चांगला बसस, मी दखेल शे.”