मधली माती

मनकर्णाबाई कधी चुकत नाही, हे धामणखेडीत शेंबडं पोरगंही सांगेल. संत्र्याचं पाणी तोडून झाडांना ताण कधी द्यायचा, पऱ्हाटी कधी लावायची, कोणता बैल घ्यायचा आणि कोणता सोयरा टाळायचा, हे विचारायला माणसं तिच्या ओट्यावर येतात. वय एकसष्ट, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, सात एकर काळी जमीन आणि संत्र्याची दोनशे झाडं एकटीच्या जिवावर. आपण चुकत नाही हे तिलाही मान्य होतं. या एका बाबतीत गावाचं आणि तिचं कधी दुमत झालं नाही.

गावाला लागून मोरणी वाहते. सरकारी कागदावर नाला, गावाच्या तोंडी नदी. पावसाळ्यात चार दिवस गुरगुरते, दिवाळीपर्यंत खळखळते आणि होळी झाली की वाळूत दडी मारते. फक्त खालच्या अंगाला, करंजाच्या सावलीत, एक डोह उन्हाळाभर टिकतो. तिथे म्हशी डुंबतात, खंड्या मासे टिपतो, आणि पाच जणांच्या बागा त्याच पाण्यावर मे महिना काढतात. त्यातली एक मनकर्णाबाईची.

या डोहाचे दोन रिवाज. नवी नवरी गावात आली की घरात शिरण्याआधी सासू तिला इथे आणते आणि तिचे पाय धुते. दुसरा मातीचा. डोहाची पांढरी माती चुलीला नि भिंतीला पोतारा द्यायला फार छान. बायका उन्हाळ्यात टोपली टोपली नेतात, पण काठची. मधली माती काढायची नाही. का, तर तिथे देवीचं आसन आहे. याच्या पुढे कुणी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगायला कुणाकडे काही नव्हतं.

यंदा मे महिन्यात नाला खोलीकरणाचं काम निघालं आणि पोकलेन आलं. वरच्या अंगानं गाळ उपसत आठ दिवसांत ते डोहापाशी पोचलं. काम बघायला मैथिली नावाची इंजिनीअर होती, अमरावतीच्या एका वकिलाची मुलगी, बोलायला गोड आणि कामाला कडक. सरपंच रामराव तिच्या पुढेपुढे करत होते. निम्मं गाव काठावर जमलं होतं. मनकर्णाबाई बांधावरून तरातरा उतरली आणि थेट यंत्रासमोर जाऊन उभी राहिली.

"डोहाले हात लावू नोका. वर खोदा, खाली खोदा, पन डोह सोडा."

"काहून वं काकू?" रामराव हसले. "दोन मीटर खोल केला त दुप्पट पानी राहीन. तुह्याच बागेचा फायदा हाय."

"राहीन नाही, जाईन. खाली पांढरी माती हाय, तिच्यावर पानी उभं हाय. ते फोडली का गेलं सारं."

मैथिलीनं कपाळावरचा घाम पुसला. "मावशी, मागच्या दोन्ही गावांत मला हेच ऐकवलं. एका ठिकाणी नागोबा होता, एका ठिकाणी मुंजा. इथे देवीचं आसन आहे म्हणे."

"म्या देवीचं नाव तरी घेतलं काय?"

मैथिलीनं हातातली वही मिटली. "नाही घेतलं. मग सांगा, माती किती जाड आहे?"

"हातभर. खाली गोटे अन् रेती. कोरडीठाक."

"आणि हे तुम्हाला कसं ठाऊक? कुणी पाहिलंय?"

उत्तर तयार होतं, पण ते सोडून मनकर्णाबाईनं दुसरंच पुढे केलं.

"मी सांगून राहिली ना," ती म्हणाली. एरवी एवढ्यावर गावातली भांडणं मिटायची.

"तेवढ्यावर मला मंजूर काम थांबवता येत नाही, मावशी. कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर सांगा, मी यंत्र बंद करते. नाहीतर बाजूला व्हा."

रामरावांनी ऑपरेटरला हात केला. पोकलेन घरघरलं. मनकर्णाबाईनं वर काठाकडे पाहिलं. सगळ्यांच्या मागे, बांधावर, सत्यभामा उभी होती.

सत्यभामा तिची शेजारीण. दोघी एकाच वर्षी या गावात सून होऊन आल्या, मनकर्णा फाल्गुनात आणि सत्यभामा वैशाखात. सासूनं डोहात सत्यभामेचे पाय धुतले आणि आठ दिवसांत डोह आटला. कधी न आटणारा डोह! गावानं लगेच निकाल लावला, पांढऱ्या पायाची आली. तेव्हापासून बेचाळीस वर्षं तिला कुणी ओटी भरायला बोलावलं नाही, हळदीला पुढे केलं नाही. ती स्वतः पुन्हा कधी पाण्याकडे उतरली नाही. शेतात जायचं तरी रपट्याच्या ठेंगण्या पुलावरून, मैलभराचा वळसा घालून. दर हंगामात संत्र्यांची पहिली टोपली मनकर्णाबाईच्या घरून तिच्या घरी जायची, आणि मनकर्णाबाईचं मन किती मोठं, असं गाव म्हणायचं. ते ऐकलं की मनकर्णाबाई दरवर्षी घाईनं विषय बदलायची.

"थांबवा ते!" ती ओरडली. "म्या पाह्यलं. ह्या दोन डोयांनं पाह्यलं."

यंत्राचा हात अर्ध्यावर थांबला.

"मी नवी सून होती. काठची माती खरबरीत लागे. मले वाटलं, पोतारा असा द्यावा का साऱ्या गावानं पाहावं. भर दुपारी कोनी नसताना कमरेइतक्या पान्यात उतरली अन् मधून चार टोपले माती काढली. हातभर काढली अन् खाली गोटे लागले. पाय खाली ओढल्यासारखा झाला, तशी भेवून पयाली. त्याच दिवसात सत्यभामा आली, तिचे पाय धुतले, अन् आठ दिवसात पानी गेलं. डोह कोरडा झाल्यावर म्याच तो खड्डा मातीनं भरला, तीन दिवस पायानं तुडवला. लोकाइले वाटलं, नवी सून चुलीसाठी माती मयून राहिली." ती काठाकडे वळली. मग आवाज चढवूनच म्हणाली, "डोह सत्यभामाच्या पायानं नाही आटला. माह्या हातानं आटला. मले माईत होतं अन् म्या तोंड बंद ठेवलं."

रामरावांनी डोक्यावरची टोपी काढून उगाच झटकली.

मैथिलीनं यंत्र डोहापासून दहा पावलं अलीकडे घेतलं आणि एक खड्डा घ्यायला लावला. पहिल्या हातभर खोलीला पांढरी, चिकट माती निघाली. पुढच्या घासाला यंत्रानं गोटे आणि कोरडी रेती वर आणली. तिनं पाण्याचा एक ड्रम त्यात ओतायला सांगितला. खड्ड्यानं तो उभ्या उभ्या पिऊन टाकला. इतका वेळ खोलीकरणाच्या बाजूनं माना डोलावणारी मंडळी आता, आपल्यालाही तसं वाटतच होतं, असं एकमेकांना सांगू लागली.

मैथिलीनं डोहाभोवती चुन्याची रेघ मारली. "हा वगळते. खालच्या अंगाला खोदू." मग वही उघडून ती जरा हळू आवाजात म्हणाली, "मावशी, कारण लिहावं लागतं. नाव नाही घातलं तरी चालेल."

"काहून नाही घालाचं? लिव्हा, मनकर्णानं फोडला होता. बेचाळीस वर्सं नाव दुसरीचंच चालत आलं."

तेवढ्यात काठावरची माणसं बाजूला सरकली. सत्यभामा खाली उतरत होती. ती मनकर्णाबाईजवळून गेली, तिच्याकडे न बघता. चुन्याची रेघ ओलांडली आणि काठच्या दगडावर बसून तिनं दोन्ही पाय डोहात घातले. पाणी घोट्याच्या वर आलं.

"पाहून घ्या रे," ती गावाला म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे कित्येकांना आजच कळलं. "पाय घातले म्या. उद्या या, परवा या, काडी लावून पानी मोजा. उतरलं त मले सांगजा."

रामराव खाली बघत होते.

मग ती मनकर्णाबाईकडे वळली. "अन् तू. संत्रे धाडू नोको आता. लय खाल्ले म्या तुहे संत्रे, एकही गोड नाही लागला." तिचे डोळे भरले होते, ते तिनं पुसले नाहीत. "सासूनं धुतलेले पाय गावानं बाटवले. आता तू धू."

मनकर्णाबाई कधी कुणापुढे वाकली नव्हती. गुडघेही आता दुखत होते. ती सगळ्या गावादेखत पाण्यात उतरली, पदर खोचला आणि खाली बसली. लुगडं कमरेपर्यंत भिजलं. काठची पांढरी माती तिनं चिमूटभर घेतली, तळव्यावर कालवली आणि सत्यभामेच्या टाचांना लावून हळूहळू चोळू लागली. बेचाळीस वर्षांच्या वळशानं त्या टाचा खोल भेगाळल्या होत्या.

"काठचीच घेतली ना?" सत्यभामेनं विचारलं.

"काठचीच," मनकर्णाबाई म्हणाली, आणि दुसरा पाय हातात घेतला.