एक दाता जास्त

वेंडेलने अंगठ्याने मोटरसायकलच्या मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावरची, धूळ पुसली आणि मार्करने त्यावर ३९ असा आकडा लिहिला. दाते चाळीस होते. कारखान्यात कोरलेला खरा आकडा त्याने घरी बसून कानशीने कधीच घासून टाकला होता.

"बाबा, आटप की! वीस मिनिटं राहिलीत."

त्याची मुलगी कोरिन हेल्मेट काखोटीला मारून उभी होती. चेहरा मातीने माखलेला, फक्त डोळ्यांभोवती गोऱ्या चकत्या. आधीच्या शर्यतीत ती पाचवी आली होती. आता उपान्त्य शर्यतीतले पहिले तिघे अंतिम शर्यतीत जाणार होते, आणि ती शर्यत पाहायला एका मोठ्या रेसिंग संघाचा, नवे स्वार हेरणारा माणूस इलिनॉयच्या या जत्रेतल्या मातीच्या ट्रॅकवर मुद्दाम आला होता. सव्विसाव्या वर्षी असा माणूस पुन्हा येईल याची खात्री नव्हती.

"सरळ पट्टा निम्मा होतो न होतो, तोच इंजिन बोंबलायला लागतं. पुढे पळतच नाही. एकोणचाळीसच लावतोयस ना?"

"लिहिलंय त्यावर, वाच."

तिने वाचलं आणि मान डोलावली. वेंडेलने चाक बसवलं, चेन चढवली, बोटाने खालून दाबून तिचा ढिलेपणा पाहिला. मागे एक दाता कमी केला, तर वळणातून निघताना गाडी जरा जड होते, पण सरळ पट्ट्यावर सुसाट सुटते. एक दाता वाढवला, की उलटं. गेली तीन वर्षं तो लेकीला न सांगता एक दाता वाढवत होता. पट्टा संपतो तिथे लाकडी कुंपण होतं. एका ऑगस्टमध्ये शर्यतीत गाडीवरून फेकला जाऊन तो स्वतः त्या कुंपणापाशी चाळीस मिनिटं पडून होता, आणि त्याचा डावा खुबा तेव्हापासून कामातून गेला होता. कोरिन पट्ट्याच्या शेवटपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडत नाही, अशी तिची ख्याती होती. लोक कौतुकाने सांगत आणि वेंडेल कुंपणाकडे बघे.

शेजारच्या तंबूतला मेकॅनिक ड्वेन आला. हातात काडीला खोचलेला, अर्धा खाल्लेला कॉर्न डॉग. आपल्या गाडीचं स्प्रॉकेट तो ओल्या फडक्याने झाकून ठेवायचा आणि दुसऱ्यांचे दाते मात्र चालता चालता मोजायचा. सगळेच मोजतात, पण ड्वेनइतकं कुणाला जमत नाही.

"काय गं पोरी, पुन्हा चाळीसवरच?" तो म्हणाला. "माती वाळून खडखडीत झालीय, आता एक दाता कमी हवा. तुझा बाप म्हातारा झाला बहुतेक."

"एकोणचाळीस आहे, काका. चष्मा बदला."

"माझे डोळे गेले असतील, बोटं शाबूत आहेत. मोज तूच." ड्वेन हसत हसत निघून गेला.

कोरिनही हसली. मग वडिलांकडे पाहिलं आणि हसू थांबलं. वेंडेल पाना पुसत होता, आधीच स्वच्छ असलेला. ती गुडघ्यावर बसली, एका दात्यावर खडूने खूण केली आणि चाक हळूहळू फिरवत मोजू लागली. खूण पुन्हा वर आली तेव्हा तिचे ओठ चाळीसवर थांबले.

"कधीपासून?"

"तिसरा मोसम."

तो ओरडणं ऐकायला तयार होता. तेच सोपं गेलं असतं. पण तिने खडूची खूण अंगठ्याने पुसून टाकली.

"म्हणजे शेवटपर्यंत मूठ सोडत नाही, ती मी नव्हेच," ती हळूच म्हणाली. "गाडी तेवढी पळतच नव्हती. सोडायची वेळच तू येऊ दिली नाहीस."

वेंडेलला लाज वाटली. आपण तिचा वेग चोरला, एवढंच त्याला आजवर वाटत होतं. भीतीशी गाठ पडायची संधीही चोरली, हे आता कळलं. त्याने खोक्याच्या तळातून दुसरं स्प्रॉकेट काढलं. त्यावरचा ३९ कोरलेला होता. तिने चाकाचा आस धरून ठेवला आणि त्याने नट आवळले.

उपान्त्य शर्यत सुरू झाली तेव्हा तो कठड्याला टेकून उभा राहिला. खुबा ठणकत होता. पहिल्याच फेरीत कोरिन पट्ट्यावर दोघांना मागे टाकून तिसरी आली. गाडी कुंपणाकडे झेपावली, इंजिन पूर्ण दमात, तिच्या गाडीला त्याने कधी पाहिला नव्हता इतका वेग. त्याने डोळे मिटले. मग आवाज तुटला. तिने मूठ सोडली होती, इतरांपेक्षा कितीतरी आधी. पुढच्या फेरीत जरा उशिरा सोडली, त्याच्या पुढच्या फेरीत आणखी जरा. शेवटच्या फेरीत मात्र आतल्या बाजूने एकजण घुसला आणि ती चौथी आली. अंतिम शर्यत गेली. संघाचा माणूस दुसऱ्याच कुणाच्या तंबूकडे निघाला.

कोरिनने गाडी तंबूत आणून लावली. घामाने हातमोजा निघेना. वेंडेलने तो बोटाबोटाने ओढून काढला.

"भीती वाटली का?" त्याने विचारलं.

"खूप."

तो सवयीने चाळीसच्या स्प्रॉकेटकडे वळला आणि ते उचललं.

"ते राहू दे, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या रविवारीही गाडीवर हे एकोणचाळीसच असेल. अजून चार पावलं उशिरा सोडता येईल मला."