गर्दी नसल्याचा दाखला

नगररचना हा संस्कृतीचा पाया आहे. कुठं राहायचं, कुठं विकायचं आणि कुठं खेळायचं हे ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी माणूस रानातून गावात आला. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या नकाशावरही एका कोपऱ्यात 'खेळासाठी खुली जागा' असं ठसठशीत लिहिलेलं आहे. त्या जागेवर वीस वर्षांत खेळली ती फक्त डुकरं.

पुढं सोसायटीचे अध्यक्ष गुरुशांत अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी तिथल्या बाभळी काढल्या आणि रविवारचा शेतकरी बाजार सुरू केला. अक्कलकोट-मोहोळकडचे चौदा शेतकरी ताडपत्र्या अंथरून बसायला लागले. जागेचा उपयोग सुरू झाला आणि लगोलग नियमही लागू झाले.

समोरच्या बंगल्यातल्या उदयसिंहांनी तक्रार दिली की रविवारी गर्दीमुळं त्यांची गाडी फाटकाबाहेर निघत नाही. महापालिकेची नोटीस आली. निवासी विभागातल्या खुल्या जागेचा वाणिज्य वापर बंद करा, नाहीतर तात्पुरत्या वापराची परवानगी घ्या. अप्पांनी अर्ज केला. पहिल्या टेबलावर कळलं की भाजी चालेल, चटणी चालणार नाही. चटणी म्हणजे प्रक्रिया, प्रक्रिया म्हणजे उद्योग, आणि निवासी विभागात उद्योगाला मनाई. अशा रीतीनं त्या चौदांतल्या चंद्रव्वाची दोन किलो शेंगा चटणी कागदोपत्री कारखाना झाली. तिनं तो कारखाना निमूटपणे घरी ठेवला.

चंद्रव्वाचा खरा जीव मेथीत होता. अक्कलकोटच्या अलीकडं तिचं विहिरीखालचं अर्धा एकर रान. पूर्वी सगळी मेथी एकदम काढून ती मोठ्या बाजारात पाठवायची. तिथं शंभर जुड्यांचा भाव दुसराच कोणीतरी पुकारायचा आणि ही मान डोलवायची. आमचा बाजार सुरू झाल्यावर तिनं रानाचे पाच तुकडे केले आणि आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरले. हा ह्या रविवारचा, तो पुढच्याचा. भाव ती स्वतः सांगायची आणि आमच्या बायका मान डोलवायच्या. नोटिशीचं कळल्यावर तिनं अप्पांना एकच विचारलं होतं, "बाजार मोडला तर वाफ्यास्नी काय सांगू अप्पा? उगवू नका म्हनू?"

शेवटी पाहणी ठरली. नगररचनेचे शिवकुमार साहेब रविवारी नऊला येणार, आणि गर्दी, रहदारीला अडथळा, आवाज यांपैकी काहीही आढळलं तर अर्ज नामंजूर. आता रविवारी नऊला तिथं दोनशे माणसं असतात. अप्पांनी सभासदांना विनंती केली की या खेपेला टप्प्याटप्प्यानं या, चालत या, भाव करताना हळू बोला. त्याचा परिणाम असा झाला की पाहणी म्हणजे काय असतं ते बघायला सगळ्यांनीच नऊला यायचं ठरवलं. चंद्रव्वाला अप्पांनी वेगळं बजावलं, की साहेबांनी विचारलं तर माणसं फार येत नाहीत म्हणायचं.

रविवारी साडेआठला बाजार भरत आला होता, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, पाणी आलंय.

सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशी माणूस स्वतःच्या लग्नालाही टाकी भरून मग जाईल. पाणी शनिवारी यायचं होतं, आलं नव्हतं. पाच मिनिटांत मैदानात गिऱ्हाईक म्हणून एक कुत्रं उरलं.

नऊला शिवकुमार साहेब टेप घेऊन आले. चौदा शेतकरी ओळीनं बसलेले, समोर रस्ता मोकळा. साहेबांनी तासभर वाट पाहिली. 'गर्दी : नाही' लिहिलं. 'अडथळा : नाही' लिहिलं. घराघरांतून पाण्याच्या मोटारी घुमत होत्या, म्हणून 'आवाज : आहे, बाजाराचा नाही' असं लिहिलं. मग उदयसिंहांना हाका मारल्या. ते गच्चीवर पाइप धरून उभे होते. टाकी भरली की येतो, म्हणाले. साहेबांनी 'हरकतदार पुकारूनही हजर झाले नाहीत' असं नोंदवलं आणि चंद्रव्वासमोर थांबले.

"नेहमी असंच असतं का मावशी?"

"कुटलं साहेब. लई मानसं येत्यात," चंद्रव्वा म्हणाली. "ह्या वक्ताला हितं पाय ठिवायला जागा नसती."

अप्पांना खोकला आला.

"लई म्हणजे किती?" साहेबांनी मिटलेलं पेन पुन्हा उघडलं.

चंद्रव्वानं अप्पांकडं पाहिलं. अप्पा आकाशाकडं पाहत होते. मग तिनं समोरच्या जुड्यांकडं पाहिलं; पहाटेच तोडलेल्या, अजून ओल्या.

"येत्यात की," ती म्हणाली. "दोन-चार."

स्वतःच्या मेथीला स्वतःच पिवळी म्हणावं तसा तिचा चेहरा झाला. साहेबांना यात खोटं काहीच वाटलं नाही. त्यांनी सही केली, आणि जाताना दयेनं सांगितलं की मावशी, जागा बदला, इथं काही खपायचं नाही.

त्यांची स्कूटर वळणाआड गेली तशी चंद्रव्वा अप्पांकडं वळली.

"माजी मेथी खपत न्हाय म्हनला त्यो."

"म्हणू द्या की," अप्पा म्हणाले. "सही केली ना त्यानं."

तिनं जरा वेळ विचार केला, आणि मग तिला हसू आलं. ते थांबेना. शेजारच्या तिघांनाही हसू फुटलं, आणि अप्पा तिच्याच ताडपत्रीच्या कडेला मटकन बसले. साडेदहाला पाणी गेलं. ओल्या पायजम्यांची सगळी कॉलनी एकदम खाली उतरली आणि अर्ध्या तासात मेथी संपली. सोमवारी चंद्रव्वानं रिकाम्या झालेल्या वाफ्यात पुन्हा बी टाकलं.

पुढच्या आठवड्यात लेखी आदेश आला. अप्पांनी तो चौदाही जणांना उभं राहून वाचून दाखवला. परवानगी एक वर्षाची आहे. वर्ष अर्जाच्या तारखेपासून मोजायचं आहे. अर्ज करून दहा महिने झाले होते.