पुसलेल्या म्हाताऱ्या

ढब्बू हे नाव आत्यानं ठेवलं तेव्हा तो दीड वर्षाचा आणि चांगला गुबगुबीत होता. आता चाळिशी उलटली, अंगावर हाडांखेरीज काही उरलं नाही, तरी आत्याच्या तोंडून ते नाव सुटलं नव्हतं. कामाच्या ठिकाणी त्याला झाडूवाला म्हणत. जुन्या चित्रपटांवरची धूळ, डाग, ओरखडे कॉम्प्युटरवर साफ करायचे आणि घरोघरी बघता येईल अशी नवी कोरी डिस्क तयार करायची, हे त्याचं काम.

त्या वर्षी त्याच्याकडे आला तो कार्टूनपट आत्यानं रंगवलेला. म्हणजे पन्नासेक रंगारी होते, त्यांतली ती एक. लग्नाआधीची तिची तेवढी एकच नोकरी. चित्रपटात एक मुलगी टेकडीवर धावते आणि तिच्याभोवती म्हाताऱ्या उडतात. वाऱ्यावर तरंगत जाणाऱ्या, पांढऱ्या, पिसासारख्या बिया असतात ना, त्या. पारदर्शक शीटवर एकेक म्हातारी आत्यानं अगदी बारीक ब्रशनं काढली होती. पाच महिने. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ढब्बूनं मात्र ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली होती.

डिस्क बाजारात आली तशी पहिली प्रत घेऊन तो मोठ्या दिमाखात आत्याकडे गेला. तिनं शेजारच्या काकूंनाही बोलावलं होतं. ठेवणीतला चष्मा लावून ती टीव्हीसमोर अगदी जवळ बसली.

टेकडी आली. आकाश निळंशार, आरशासारखं लख्ख. मुलगी धावली, टाचा उंचावून तिनं हवेत झडप घातली, मूठ उघडून बघितली आणि खुदकन हसली. मुठीत काही नव्हतं. हवेतही काही नव्हतं.

"माश्या मारतेय का हो ही?" काकूंनी विचारलं.

काय झालंय ते ढब्बूला तिथल्या तिथे कळलं. एखादा ठिपका एका चित्रात दिसला आणि पुढच्या चित्रात त्या जागी नसला, की मशीन त्याला धूळ समजून पुसतं. म्हणून अशी दृश्यं वेगळी काढून डोळ्यांनी तपासायची असतात. त्यानं मशीन पूर्ण जोरावर लावलं होतं, हे दृश्य असलेलं चौथं रीळ भराभर पुढे पळवलं होतं आणि तपासणीच्या कागदावर 'प्रत्येक चित्र पाहिले' असं लिहून सही ठोकली होती.

"ढब्बू, माझ्या म्हाताऱ्या कुठं गेल्या रे?"

"अगं, मूळ फिल्मच खराब झाली होती," तो म्हणाला. कसं बोलून गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. "तेवढ्या भागातला रंग उडालेला. आमच्या हाती काही लागलंच नाही."

"असेल," आत्या म्हणाली आणि पुढचं बघू लागली.

आठवड्यानं तो तिची औषधं घेऊन गेला. दार उघडंच होतं. चपला काढता काढता आतलं बोलणं कानावर आलं.

"चूक माझीच हो," आत्या काकूंना सांगत होती. "पांढरा रंग घट्ट झाला की रेघ जाड यायची, म्हणून मी त्यात जास्त पाणी घालायचे. आमचे मुख्य रंगारी म्हणायचे, बाई, हा रंग टिकायचा नाही. मी कुठली ऐकतेय! घ्या, उडाला. पाच महिन्यांचं काम, आणि मीच घालवलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ढब्बूला झालं. क्षणभर वाटलं, औषधं कट्ट्यावर ठेवावीत आणि आल्या पावली परत जावं. पण पाय मागे वळेनात. तो आत गेला.

"आत्या, मी खोटं बोललो. तुझा रंग उडालेला नाही. फिल्मवर सगळ्या म्हाताऱ्या जागच्या जागी आहेत. मशीननं पुसल्या आणि मी बघितलं नाही."

"बघितलं नाहीस? पण सही लागते ना तुमच्यात?"

"केली. न बघता केली."

काकू "दूध उतू जाईल" म्हणत उठून गेल्या.

"चुकतं रे माणूस," आत्या म्हणाली. "ब्रश धरताना चुकतं, मशीन चालवतानाही चुकेल. पण आठ दिवस मी स्वतःला बोल लावत होते, आणि तू रोज फोन करून विचारत होतास, जेवलीस का म्हणून."

ढब्बूनं हातातली औषधं तिच्यापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात वरच्या मॅडमपुढे सगळं ओकलं.

"एकाचीही तक्रार नाही," मॅडम म्हणाल्या. "तिथं काही होतं हेच लोकांना माहीत नाही. कशाला उकरून काढतोस?"

"म्हणूनच. म्हातारी मेल्याचं दुःख नाही मॅडम, काळ सोकावतो."

मॅडमना हसू फुटलं, त्याला नाही. त्यानं झालेली चूक स्वतःच्या हातानं लिहून दिली. तपासणीची सही त्याच्याकडून काढून घेतली गेली, आणि ज्या पोरीला त्यानं काम शिकवलं होतं तिच्याकडे गेली. ते रीळ त्यानं पहिल्यापासून, एकेक चित्र डोळ्यांनी बघत साफ केलं. सात आठवडे लागले. आत्याचा हात इतका हलका होता, हे त्याला तेव्हा दिसलं. सुधारलेली डिस्क निघाली. आधीच्या हजारो डिस्क मात्र लोकांच्या कपाटांत गेल्या त्या गेल्या, आणि त्या घरांतली मुलं रिकाम्या हवेत झडप घालणारी मुलगीच बघणार.

आत्यानं नवी डिस्क बघितली, दोनदा मागे नेऊन बघितली. एक म्हातारी आपल्याकडून जरा मोठीच झाली होती म्हणाली. ढब्बूवर तिचा राग राहिला नाही. चहा, गप्पा, चेष्टा सगळं पूर्वीसारखं सुरू झालं.

फक्त एक गोष्ट बदलली. डॉक्टर पाचला भेटतील, गोळी जेवणानंतरच घ्यायची आहे, असं काहीही ढब्बूनं सांगितलं की आत्या मान वर करून विचारते, "नक्की ना?"

सहज विचारते, मनात काही न ठेवता. तो "नक्की" म्हणतो आणि औषधाच्या चिठ्ठीवरची अक्षरं पुन्हा एकदा वाचून बघतो. तिच्या डोळ्यांत बघून उत्तर देणं अजून त्याला जमलेलं नाही.