न वाकणारा जावई

दानांगने डावा तळवा चटईवर टेकला आणि कुणाच्या लक्षात येणार नाही इतपत सरकून पाठ मागच्या खांबाला लावली. समोर नियोजित वधू लारासचे थोरले काका, जार्वो, वधूपक्षाच्या वतीने मागणीला उत्तर देत होते. अलंकारिक जुन्या जावानीज भाषेत भाषण ठोकायची संधी त्यांना वर्षा-दोन वर्षांतून एकदा मिळे, आणि मिळाली की ते ती सोडत नसत.

मांडी घालून बसल्याला बराच वेळ झाला होता. कमरेत ती ओळखीची पकड आवळू लागली होती. दानांगच्या दुखण्याची तऱ्हाच उफराटी. लोकांची पाठ काम करून धरते, ह्याची बसून धरायची. मणक्यांना आतून सूज येई आणि ते हळूहळू एकमेकांना जखडत चालले होते. रोज पहाटे अंथरुणातच कुशी बदलत तो अंग मोकळं करायचा, गोळ्या घ्यायचा, आणि मग रोपवाटिकेत दिवसभर हिंडायचा. हिंडायला मिळालं की गडी ठीक असे.

आत्ताही उठून अंगणात चार फेऱ्या मारल्या असत्या तर भागलं असतं. पण दाराकडची वाट वडीलधाऱ्यांच्या रांगेसमोरून जात होती. बसलेल्या थोरांपुढून जायचं तर कमरेत वाकून, उजवा हात जमिनीकडे सोडून जायचं, हे पोरांना चालता येऊ लागलं की लगेच शिकवलं जातं. दानांगला वाकता येत नव्हतं. मघाशी आत येतानाही तो सरळच्या सरळ चालत आला, तेव्हाच जार्वोकाकांच्या भुवया वर गेल्या होत्या.

"हलू नकोस," शेजारी बसलेली आई, कासियेम, तोंडावरचं हसू तसंच ठेवून पुटपुटली.

"आई, आता नाही बसवत."

"उर्मट जावई खपतो. आजारी खपत नाही. गप बस."

महिनाभर ती त्याच्याकडून हेच घोकून घेत होती. तिला तरी काय म्हणणार? एकदा एका मुलीकडच्यांनी आजाराचं कळताच पाठवलेली फळंसुद्धा परत केली होती. लारासला मात्र सगळं ठाऊक होतं. वडिलांना सांगू का, असं त्याने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पाठ तुझी आहे. तू सांग."

आणि आज गप्प राहून तरी काय होणार होतं? लग्नात खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यापुढे गुडघे टेकून त्यांच्या गुडघ्यांवर कपाळ ठेवावं लागणार होतं. तिथे काय करणार होता तो?

खांबाला धरून दानांग उठला. भाषण थांबलं.

"काय हो जावईबापू," जार्वोकाका म्हणाले, "बांबू गिळून आलात की काय? आमच्याकडे मोठ्यांपुढे माणसं वाकतात."

बायकांत खसखस पिकली. लारासचे वडील, मार्सुदी, तेवढे हसले नाहीत.

"अहो, परवा मोटारसायकलवरून पडला तो," कासियेम घाईघाईने म्हणाली. "आठवड्याभरात होईल बरा."

चहाचा ट्रे घेऊन आलेली लारास दारातच थबकली होती. दानांगने तिच्याकडे पाहिलं. मान तेवढी अजून वळत होती.

"मी पडलो नव्हतो," तो म्हणाला. मग तो मार्सुदींकडे वळला. "हा कायमचा आजार आहे, बाबा. पाठीचा. औषधाने आटोक्यात राहतो, जात नाही. मला वाकता येत नाही. आणि फार वेळ बसलो की उठता येत नाही. आधीच सांगायला हवं होतं."

कासियेमने पदराने तोंड झाकलं.

मार्सुदींनी जमिनीवर हात टेकला आणि ते उभे राहिले. दानांगला वाटलं, संपलं. यजमान उठला, बैठक मोडली.

घरचा कर्ता उभा म्हटल्यावर इतरांना बसून राहता येईना. एकेक करून सगळे उठले. जार्वोकाका सगळ्यांत शेवटी, गुडघे धरून, कुरकुरत.

"उभ्या माणसांपुढून जायला वाकावं लागत नाही," मार्सुदी म्हणाले. "जा. फेऱ्या मारून ये. चहा गार व्हायच्या आत ये म्हणजे झालं."

"आणि माझं भाषण?" जार्वोकाकांनी विचारलं.

"उभ्याने कर. लवकर आटपेल."

सगळ्यांसमोरून दानांग ताठ चालत गेला. सवयीने त्याचा उजवा हात मात्र जमिनीकडे गेला, पोचला तिथवर. अंगणात पहिली फेरी पुरी होत होती तेव्हा आतून मार्सुदींचा आवाज आला.

"लारास, सुताराला निरोप दे. लग्नातल्या आमच्या खुर्च्यांना खालून ठोकळे लावायचेत. चांगल्या उंच करायच्या."

"किती उंच, बाबा?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार."