मँचेस्टरचा पत्ता

हाँगकाँगच्या शाम शुई पो भागातलं सेतो खाम-वा आणि पून हॉन-किट यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक अरुंद खोली होती. बसायला दोन स्टुलं, बाकी सगळी खोकी. पण त्या खोलीतून निघालेली खोकी लीड्सपासून लिस्बनपर्यंत कुठेही जायची. दोघं पूर्वी क्वुन टाँगला खेळण्यांच्या कारखान्यात एकाच बाकावर कामाला होते. कारखाना सीमेपलीकडे चीनमध्ये गेला तेव्हा मालकाने सगळ्यांना एक झकास जेवण घातलं आणि निरोप दिला. त्या जेवणाच्या टेबलावरच किट म्हणाला होता की आता दुसऱ्याची खेळणी करण्यापेक्षा आपणच विकू.

धंदा साधा होता. व्हिडिओ गेमचं नवं यंत्र आधी जपानात निघायचं. युरोपातल्या लोकांना ते मिळायला कधी सहा महिने लागायचे, कधी वर्ष. तेवढा काळ ज्यांना धीर धरवत नसे ते इंटरनेटवरून खाम-वाकडे मागणी नोंदवायचे. माल ओसाकाच्या घाऊक व्यापाऱ्याकडून पावतीनिशी यायचा. त्यात नकली काही नव्हतं, चोरीचंही नव्हतं. खाम-वाला याचा अभिमान होता. समोरच्या गल्लीत बनावट डिस्का टोपलीत भरून विकणारे बसत, त्यांच्याकडे तो मान वर करूनही बघत नसे.

त्या वर्षी हातात मावणारं एक नवं यंत्र निघालं आणि इंग्लंडमधून मागण्यांचा नुसता पाऊस पडला. जपानी यंत्राचा प्लग दोन चपट्या काड्यांचा, म्हणून किट प्रत्येक खोक्यात तीन काड्यांचा जोड-प्लग टाकायचा. सोबत इंग्रजीत एक कागद असायचा: यंत्र कसं चालू करायचं, काय करू नये, आणि बिघडलं तर कुठे पाठवायचं. तो मजकूर खाम-वाच्या मुलीने, म्यू-यीने लिहून दिला होता. ती मँचेस्टरला शिकायला गेली, तिथेच राहिली आणि हिशेब तपासणाऱ्यांच्या एका कचेरीत लागली. सनदेची एक परीक्षा तेवढी उरली होती. बिघडलेलं एकेक यंत्र हाँगकाँगला पाठवणं गिऱ्हाइकाला परवडत नाही हे पाहून तिनेच सुचवलं की माझ्या घरचा पत्ता द्या, मी गोळा करून एकदम पाठवत जाईन. बापाला बरं वाटलं. एवढ्या लांब राहून पोरगी दुकानाला धरून आहे, असं तो शेजाऱ्यांना सांगायचा.

मग यंत्र बनवणाऱ्या जपानी कंपनीने खटला भरला. लंडनच्या कोर्टात. कागदांचा एक गठ्ठा दुकानात आला आणि दुसरा तसाच मँचेस्टरला, म्यू-यीच्या दारात. पहिला प्रतिवादी बाप होता, दुसरी प्रतिवादी मुलगी.

हाँगकाँगमधल्या वकील यिम बाईंनी सगळं वाचलं आणि शांतपणे समजावलं. माल खरा असला तरी कंपनीचं म्हणणं असं, की आमचं नाव असलेली वस्तू युरोपात पहिल्यांदा केव्हा विकायची ते आम्ही ठरवणार, दुसऱ्या कुणी नाही. तुमचं उत्तर असं, की आम्ही युरोपात काही विकलंच नाही; विक्री इथे शाम शुई पोत झाली, गिऱ्हाइकाने ती वस्तू आपल्या घरी मागवून घेतली, बस. या उत्तरात दम आहे, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी खोक्यातला जोड-प्लग टेबलावर ठेवला. कंपनीने लिहिलं होतं की हा प्लग इंग्लंडचा आहे, म्हणजे तुमचा डोळा इंग्लंडवरच होता.

किट खुर्चीतून अर्धा उठला. "बाई, तुमच्या भिंतीकडे बघा जरा," तो म्हणाला. "ही तीन भोकं कुणी पाडली? इंग्रज दीडशे वर्षं राहून गेला, जाताना राणीचा फोटो घेऊन गेला, भोकं इथेच ठेवली. आणि आता म्हणतो, ही भोकं माझी?"

बाईंना हसू आलं. खाम-वाही हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. प्लगचं आपण बघून घेऊ, असं सांगून बाईंनी तो इंग्रजी कागद पुढे सरकवला आणि मँचेस्टरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. "याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. पत्ता नसता तर लंडनच्या कोर्टाला तुम्हाला धरायला हात सापडला नसता. आता कंपनी म्हणते की हीच तुमची इंग्लंडमधली कचेरी आणि मुलगी तिची चालक.

म्यू-यी मात्र घाबरली नाही. कचेरीतल्या वरिष्ठांनी बोलावून विचारलं तेव्हा तिने होतं ते सांगितलं: दुकान वडिलांचं आहे, माझा त्यात वाटा नाही, पगार नाही, मी फक्त आलेली पार्सलं पुढे पाठवते. त्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि निकालापर्यंत थांबू म्हणाले. फोनवर ती बापाला हेच पुन्हा पुन्हा सांगत होती. कोर्टात उभी राहीन, हेच सांगेन, खोटं काहीच सांगायचं नाहीये तर भ्यायचं कशाला. खाम-वा ऐकायचा, हं हं म्हणायचा. पण एकदा बोलता बोलता मध्येच तिने नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झालीय, असं ती म्हणाली. त्यानंतरचं तिचं बोलणं त्याच्या डोक्यात शिरलंच नाही.

घरात सिउ-फान, त्याची बायको, जेवताना वाडगा तसाच ठेवून उठू लागली. एके संध्याकाळी भांडी घासता घासता, त्याच्याकडे पाठ करूनच ती बोलली. "दुकान बुडालं तर मी पुन्हा शिवणकाम करीन. पण माझी मुलगी परक्यांच्या कोर्टात गुन्हेगारासारखी उभी राहिली तर मी तुझ्याशी बोलायची नाही. हे आत्ताच सांगून ठेवते."

सुनावणी जवळ आली तसा खाम-वा लंडनला निघाला. किटला सांगितलं की तिथल्या वकिलाला भेटून येतो. ते खरंच होतं, पण अर्धं. विमानात बसायच्या आधीच त्याचं ठरलं होतं. किटला ते सांगावं असं त्याला दोनदा वाटलं. पण किट म्हणेल, लढू. आणि किट बोलायला लागला की आपलं काही चालत नाही, हे तो तीस वर्षांच्या अनुभवाने जाणून होता. दुकानाच्या नोंदणीवर नाव एकट्या खाम-वाचं होतं. किटचा वाटा तोंडी होता, कारण दोघांमध्ये कागद लागतो असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

लंडनमधला त्याचा वकील हॉलिस नावाचा एक उंच, थकलेला माणूस होता. दुभाष्याला शेजारी बसवून तो खाम-वाला घेऊन कंपनीच्या वकिलांकडे गेला. ते सगळे तरुण होते आणि फार अदबीने वागले. दुधाचा चहा दिला. हाँगकाँगच्या चहापुढे ते नुसतं गढूळ पाणी. बोलणं लांबलं नाही. युरोपात माल पाठवणं कायमचं बंद करा. उरलेला साठा आमच्या माणसांच्या हवाली करा. आणि घडलेल्या गोष्टी मान्य असल्याचं एक निवेदन सही करून द्या. हे केलंत तर मुलीचं नाव खटल्यातून काढू, खर्चाचा दावाही सोडू.

हॉलिसने निवेदन वाचलं आणि खाम-वाला बाहेरच्या गॅलरीत नेलं. त्यातल्या एका परिच्छेदात लिहिलं होतं की मँचेस्टरचं घर ही दुकानाची इंग्लंडमधली कचेरी होती आणि ती प्रतिवादीची मुलगी चालवत होती. हे मी काढायला लावतो, तो म्हणाला. ते सहजी काढणार नाहीत, थोडे दिवस घासाघीस होईल, पण हे असं सही करू नका.

खाम-वाने दुभाष्याला विचारलं, "तेवढ्यात सुनावणी आली तर?"

आली तर मुलीला उभं राहावं लागेल, हॉलिस म्हणाला. तासाभराचा प्रश्न आहे.

"तिचं नाव काढतायत ना ते? आज सही केली तर आज काढतील?"

काढतील, हॉलिस म्हणाला, पण माझं ऐका.

खाम-वाच्या कानात एकच आवाज घुमत होता, तो मुलीच्या नाक ओढण्याचा. कागदावर काय लिहिलंय याने कुणाचं काय बिघडतं, असं त्याने स्वतःला विचारलं. जन्मभर त्याने कागदांवर सह्याच केल्या होत्या: कारखान्याच्या, जकातीच्या, बोटीच्या. कुठल्या कागदाने कधी त्याला चावा घेतला नव्हता. तो आत गेला आणि दाखवलं तिथे तिथे सही करून मोकळा झाला. तरुण वकिलांनी उठून हात मिळवले.

दुसऱ्या दिवशी तो आगगाडीने मँचेस्टरला गेला. म्यू-यीच्या खोलीत एका कोपऱ्यात पुढे पाठवायची राहिलेली चार-पाच पार्सलं होती. बापाला अचानक दारात बघून ती हरखली, भात टाकायला उठली. तो म्हणाला, आधी बस, चांगली बातमी आहे. तू सुटलीस.

तिने कागद घेतला आणि उभ्या उभ्याच वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला. भात न टाकलेलं भांडं शेगडीवर तडतडायला लागलं तेव्हा खाम-वानेच उठून शेगडी बंद केली.

"बाबा, यात लिहिलंय की मी चालवत होते," ती म्हणाली.

"वकिली भाषा आहे. त्यांना असंच लिहायला लागतं."

"मी कचेरीत सांगितलंय की माझा काही संबंध नाही."

"मग? तुझं नाव काढलं ना त्यांनी."

"नाव काढलं. आणि माझ्या बापाने सही करून सांगितलं की मी खोटं बोलले." तिचा आवाज चढला नाही. "मला विचारायचं होतंत, बाबा. एक फोन. मी पळत नव्हते."

त्याने सांगायचा प्रयत्न केला की तुझी आई जेवत नव्हती, की तू फोनवर रडत होतीस. सर्दी होती, ती म्हणाली. मग उठून तिने भात टाकला, त्याला वाढला, समोर बसली, पण स्वतः काही घेतलं नाही.

तो कागद कोर्टात दाखल झाला तसा तिच्या कचेरीतही पोचला. तिथे कुणी आरडाओरडा केला नाही. हिशेब तपासणाऱ्याच्या शब्दावर लोक पैसे सोपवतात, तो शब्दच फिरला तर आम्ही काय करायचं, असं विचारून तिला निरोप दिला. परीक्षेला बसवणाऱ्या संस्थेनेही चौकशी लावली आणि शेवटी तिचं नाव उमेदवारांमधून कमी केलं. हॉलिसने तिच्या बाजूने एक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की निवेदन खरं नसेल तर वडिलांनी कोर्टात खोटी सही केली असं म्हणावं लागेल. तसं म्हणायचंय का? म्यू-यीने म्हटलं नाही.

शाम शुई पोत कंपनीची माणसं ठरल्याप्रमाणे आली. त्यांनी मोजून खोकी उचलली आणि गाडीत रचली. किट स्टुलावर बसून बघत होता. गल्लीतले लोक जमले, कुणाला वाटलं बनावट मालावर धाड पडलीय. समोरचा डिस्कावाला सिगरेट ओढत मजेत उभा होता. गाडी गेल्यावर खाम-वा किटसमोर दुसऱ्या स्टुलावर बसला आणि त्याने मान खाली घातली. त्याला शिव्या हव्या होत्या. किटच्या शिव्या सगळ्या गल्लीत नावाजलेल्या होत्या.

किटने शिव्या दिल्या नाहीत. "तू मला विचारलं असतंस ना, आ-वा," तो म्हणाला, "तर मी हो म्हणालो असतो. पोरगी माझ्याही खांद्यावर बसून सापाचं सूप प्यायला जायची. मी कशाला लढ म्हणेन? पण तू विचारलं नाहीस. तीस वर्षांत तू मला एवढंच ओळखलंस."

तो किल्ली ठेवून गेला. पुढे त्याला त्सुएन वानला एका इमारतीच्या वाहनतळावर पहारेकऱ्याचं काम मिळालं, असं खाम-वाला तिसऱ्याकडून कळलं. तो एकदा तिथे गेलाही. किटने त्याला खिडकीतून पाहिलं, ओळखीच्या माणसाला करतात तेवढी मान हलवली आणि आलेल्या गाडीचा नंबर लिहून घ्यायला वळला.

ते यंत्र त्याच शरद ऋतूत इंग्लंडमध्ये रीतसर विक्रीला आलं. दुकानांपुढे रांगा लागल्याचं टीव्हीवर दाखवत होते. सिउ-फान उठली आणि तिने टीव्ही बंद केला. ती म्हटल्याप्रमाणे पुन्हा शिवणकामाला जाऊ लागली होती. नवऱ्याशी बोलत होती. मुलगी कोर्टात उभी राहिली नव्हती, त्यामुळे बोलायचं नाही असं काही कारण तिच्याकडे उरलं नव्हतं. पण ती बोलायची ते मिठाचं, भाड्याचं, छताच्या ओलीचं.

म्यू-यी एका किराणा गोदामात लागली. चिनी नव्या वर्षाला घरी आली नाही, त्याच्या पुढच्या नव्या वर्षालाही नाही. रविवारी आईला फोन करायची. आई हसून बोलायची, मग आवाज खाली करायची, आणि खाम-वा पलीकडच्या खोलीत उगाचच खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

घरोघर सगळे एकत्र जमतात त्या शरदातल्या चंद्रोत्सवाच्या दिवशी सिउ-फानने काही न सांगता फोन त्याच्या हातात दिला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

"जेवले."

"तिथे थंडी पडली असेल."

"अजून नाही."

त्याला पुष्कळ काही सांगायचं होतं. हॉलिस गॅलरीत जे म्हणाला ते त्याने तिला अजून सांगितलंच नव्हतं. थोडे दिवस थांबलो असतो तर तो परिच्छेद निघाला असता, हे तिला ठाऊक नव्हतं. आता सांगावं की नाही याचा विचार करत तो रिसीव्हर घट्ट धरून उभा होता.

"बाबा," पलीकडून ती म्हणाली, "आईचा गुडघा दुखतोय. तिला डॉक्टरकडे घेऊन जा. ती स्वतःहून जाणार नाही."

"नेतो," तो म्हणाला. "उद्याच नेतो."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.