धुऱ्यावरची राजदूत

आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, एक मोटरसायकल उभी असायची आणि तिच्या सीटवर कोंबडी अंडी द्यायची. लहानपणी मला वाटायचं, कोंबडीसाठीच ती आणली असेल.

ती राजदूत आहे, पण साधी नाही. हँडल म्हशीच्या शिंगांसारखं उंच आणि पसरट. सायलेन्सर वर उचलून बसवलेला. मागची गरारी, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, ताटाएवढी मोठी. हे सगळं आबाजींचं काम. माझे आजोबा, बकाराम, तरुणपणी लाइनमन होते. पावसाळ्यात तार तुटली की खांबापर्यंत जायला एकच वाट, पाण्यानं भरलेल्या दोन बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला, हातभर रुंदीचा धुरा. साध्या गाडीनं गेलं की माणूस बांधीत आणि गाडी अंगावर. मग एकदा जबलपूरला त्यांनी मोटरसायकलची एक वेगळीच स्पर्धा पाहिली. तिथं कोणी पळत नव्हतं. दगड, ओंडके, चिखल यांवरून गोगलगायीसारखं जायचं, आणि पाय जमिनीला लागला की गुण गेला. तिला ट्रायल म्हणतात. आबाजी गावी आले आणि अंगणातच गाडी उघडून बसले. तीच ही ट्रायल गाडी.

आमच्या गावच्या मंडईला सकाळी धुऱ्याची शर्यत असते, तीही आबाजींनीच सुरू केली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार नावाचं नाचगाणं, रात्री नाटक. पण आमच्या गावात त्याआधी कापलेल्या शेतातल्या धुऱ्यावरून मोटरसायकली चालवतात. ज्याचे पाय सगळ्यात कमी टेकले तो जिंकला. आबाजींचे गुडघे गेले तशी गाडी सपरीत गेली आणि कोंबडीला मिळाली.

यंदा दसऱ्याला आईनं गाडीला हळद-कुंकू लावलं आणि आरती खाली ठेवता ठेवता आबाजींना म्हणाली, "मामाजी, पूजा झाली. आता ही गाडी मुन्नालालले देऊन टाकू."

मुन्नालाल म्हणजे गोंदियाहून भंगार न्यायला येणारा कबाडी.

आबाजींच्या हातातला प्रसाद हातातच राहिला. "काऊन व दुर्गे? तिनं तुहं काय बिघडवलं?"

"धान आलं का भरलेले कट्टे कुठं ठेवू? तुमच्या गाडीच्या डोक्यावर?"

आबाजींनी फक्त हँडलवरचा झेंडूचा हार सरळ केला. तेच मला सहन झालं नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरी देतानाही इतकी हळू बोलायचे की सर मला गैरहजर मांडायचे. आता सर म्हणतात, आचल, जरा हळू. तर मी जोरात म्हणाले, "आई, मी चालू करतो ना तिले. मंडईत चालवून दाखवतो."

"तू? सायकलची चेन उतरली तर अर्धा गाव गोळा करते तू."

"ते आठवीत होतं. आता मी अकरावीत हाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं, आबाजींकडे पाहिलं. आई भात आणि निर्णय दोन्ही एकदाच परतते. म्हणाली, "ठीक हाय. मंडईच्या सकाळी गाडी इथून स्वतः निंगली पाहिजे, धुरा फिरून स्वतः वापस आली पाहिजे. ढकलत आणली तर तशीच मुन्नालालच्या टेम्पोत चढवीन. मी त्याले त्याच दिवशी बोलावून ठेवतो."

झालं. कोंबडीची टोपल्यात बदली केली आणि कामाला लागलो.

इंजिन जाम होतं. प्लग काढून त्यात डिझेल ओतलं आणि रोज शाळेतून आल्यावर किकवर उभी राहायचे. किक हलायची नाही, मीच हलायचे. आबाजी खाटेवर बसून सांगायचे, "नाचू नको बाई, वजन टाक."

"वजनच नाही ना आबाजी."

"मंग जेव."

एका संध्याकाळी किक माझ्यासकट खाली गेली. मी आपटले, कोपर सोललं, आणि इतकं ओरडले की शेजारचा प्रफुल भिंतीवरून डोकावला. प्रफुल कॉलेजात आहे, त्याच्याकडे नवी गाडी आहे, आणि ती गाडी त्याच्यापेक्षा कमी आवाज करते. "काय झालं व? कोंबडी परत आली का?"

"तू तुही गाडी पूस. मंडईत लोक पाहतेत."

टाकीतला गंज काढायला चिंचेचं पाणी आणि मूठभर गिट्टी घातली. मग ती टाकी दोघांनी दोन बाजूंनी धरून हलवायची, बाळ झोपवतात तशी. आत इतका खडखडाट व्हायचा की बाळ काही झोपायचं नाही. कार्बोरेटर मी एकटीनं उघडला. तो म्हणजे गाडीचं स्वयंपाकघर, तिथं हवा आणि पेट्रोल कालवलं जातं. त्यात जेट नावाचा पितळेचा बारीक खिळा असतो, आरपार सुईएवढं भोक असलेला. सगळं पेट्रोल त्या भोकातून जातं. क्लचची तार आणि ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटसाठी सौंदडहून रेल्वे पकडून गोंदियाला गेलो. या इंजिनला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं, म्हणून त्याचीही एक बाटली आणली.

आणि दिवाळीच्या आदल्या दुपारी ती चालू झाली. आधी एक खोकला, मग निळा धूर, मग टक-टक-टक असा आवाज की आबाजींनी डोळे मिटून घेतले. आई दारात आली. हाताला बेसन. "धूर घरात येऊन राहिला," एवढंच म्हणाली, पण लगेच आत गेली नाही.

त्यानंतर रोज दुपारी मी मागच्या शेतात सराव करायचे. धुऱ्यावर गाडी जवळजवळ उभीच ठेवायची, पायदानावर उभं राहायचं, गुडघे सैल, नजर पुढं. आबाजी धुऱ्याच्या टोकाला काठी घेऊन. मी चाकाकडे पाहिलं की काठी आपटायचे. "चाक कुठं पळून जाते का? समोर पाहा." बाभळीच्या मुळावरून चाक चढवणं जमलं. पाणी काढायला धुरा जिथं फोडला होता, त्या खाचेत उतरून वर येणंही जमलं, अर्थात काही वेळा बांधीत लोळून. गोंदियाहून आणलेलं ऑइल संपलं तेव्हा आबाजी म्हणाले, "आता ते माह्यावर सोड, पेट्रोल मी भरून ठेवत जाईन." बरंच झालं, मला सराव होता.

तेव्हापासून गाडीच्या धुराला मस्त वास यायला लागला. वडे तळल्याचा. पण दिवाळीत अख्खं गाव तळत होतं, त्यामुळे मी फक्त लांब श्वास घेतला.

अडचण एकच होती. गाडी दुपारी एका किकमध्ये चालू व्हायची, पण सकाळी उठल्या उठल्या कितीही मारा, ढिम्म. प्लग पुसला, तारा तपासल्या. दुपार झाली की पुन्हा शहाण्यासारखी. "थंडीची हाय," आबाजी म्हणायचे, "म्हातारी झाली, माह्यासारखी ऊन पाहून उठते." मला हसू यायचं, पण तेवढ्यापुरतंच. कारण शर्यत सकाळी होती.

मंडईचा दिवस उजाडला तो धुक्यात. तोंडातून वाफा. मी बाहेरगावी कामाला असलेल्या बाबांचं हेल्मेट घालून तयार, आणि मुन्नालाल टेम्पो घेऊन माझ्याहून तयार. अंगणात खाटेवर बसून चहा पीत होता.

"बिटिया, आराम से," तो म्हणाला. "मैं बैठा हूँ."

"तुम्ही बसूनच राहा," मी म्हणाले आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पायात गोळे आले. भिंतीवरून प्रफुल म्हणाला, "आचल, ढकलू का?" आणि मग त्याला अट आठवली असावी, कारण त्यानं जीभ चावली. तेही बरं वाटलं नाही. त्यानं चिडवलं असतं तर चाललं असतं.

मी हेल्मेट काढलं आणि कार्बोरेटर उघडला. खालच्या वाटीत पेट्रोल जवळजवळ उडून गेलं होतं, आणि तळाला काहीतरी पिवळट पांढरं बसलं होतं, थिजलेल्या तुपासारखं. जेटच्या भोकात तेच. मी काडीनं उकरलं, बोटावर घेतलं. ओळखीचा वास होता, पण कुठला ते कळेना.

तेवढ्यात आई बाहेर आली. मंडईचे पाहुणे येणार होते, वड्यांची तयारी चालली होती. तिच्या हातात तेलाची बाटली होती, आणि ती बाटली उलटी धरून बुडाला चापट्या मारत होती. काही पडत नव्हतं. आत पांढरा गोळा. सालेकशाची मावशी दरवर्षी पाठवते ते टोरीचं तेल, मोहाच्या बियांचं. उन्हात पातळ असतं, थंडी पडली की दगड. आई बाटली गरम पाण्यात उभी करायला निघाली होती. आणि पुटपुटली, "भरून ठेवली होती, अर्धी कशी झाली समजत नाही."

मी आईच्या बाटलीकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे पाहिलं. "आबाजी, पेट्रोलमधी काय टाकून राहिले होते तुम्ही?"

आबाजी कोंबडीकडे पाहायला लागले. जणू तिलाच विचारलं होतं.

"आबाजी."

"तेल तर तेल हाय ना," ते म्हणाले. "लाइनवर होतो तं टाकत होतो. कुठं मिळत होतं ऑइल? काही होत नव्हतं."

"उन्हाळ्यात टाकत असाल," आई म्हणाली. "म्हणजे मी वड्याले तेल पुरवून पुरवून वापरतो, आन् तुमची गाडी पीत होती?"

मुन्नालालचा चहा नाकात गेला. बराच वेळ खोकत होता.

मला मात्र सगळं दिसलं. रात्रभर वाटीतलं पेट्रोल उडतं, तेल मागे राहतं, पहाटे थिजतं आणि जेट बंद. दुपारच्या उन्हात तापलं की वितळून वाट मोकळी. "आई, गरम पानी पाहिजे," मी म्हणाले. "लय गरम."

पाणी कोणी आणलं माहीत आहे? बाटलीसाठी चुलीवर ठेवलेलं आधण आईनं तसंच उचलून आणलं, पदरानं धरून, आणि म्हणाली, "कुठं ओतू, लवकर सांग." मी जेट आणि वाटी त्यात टाकली. पाण्यावर तेलाचे गोल गोल डोळे तरंगायला लागले. जेट फुंकला, भोकातून धुक्यातला सूर्य दिसला. टाकीतलं ते तळणाचं पेट्रोल काढून डब्यातलं कोरं पेट्रोल भरलं. प्रफुल कधी भिंत ओलांडून त्याच्या चुलत्याच्या जुन्या स्कूटरचं ऑइल घेऊन आला ते मला कळलंच नाही.

"ऑइल देऊन राहिलो," तो म्हणाला, "नंबर नाही देनार."

तिसऱ्या किकला टक-टक-टक.

घरामागच्या पांदणीच्या वाटेनं मी शेतात पोचले तेव्हा धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी अख्खं गाव उभं होतं. प्रफुल माझ्याआधी गेला. त्याची गाडी जोरात पळायला शिकलेली, हळू चालायला नाही. तीन ठिकाणी पाय टेकले. दूधवाला शालीकराम कॅन लटकवून गेला. त्याचा फक्त एक पाय लागला, तोही म्हणे कॅन सावरायला. म्हणजे मी एकही पाय न टेकता गेले की पहिला नंबर माझा.

बाभळीचं मूळ मी असं ओलांडलं की आबाजींची काठी वरच राहिली. वळण झालं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बकारामची नातीन हाय." मग खाच आली. पुढचं चाक उतरलं, वर चढायला लागलं, आणि इंजिनचा आवाज बदलला. टक... टक... टक. जेटमध्ये कुठेतरी एक कण राहिला असावा. मला ऐकू आलं, अजून एकदा अडखळली की बंद. आणि बंद पडली तर ती तापलेली म्हातारी त्या खाचेत परत चालू होणार नाही, हे मी सरावात शिकले होते. मग ढकलणंच.

दोनच गोष्टी करता येत होत्या. जोर लावून तशीच चढायची, जमलं तर पहिला नंबर. नाहीतर क्लच दाबायचा, इंजिनला श्वास घेऊ द्यायचा, म्हणजे गाडी थांबणार, म्हणजे पाय टेकणार. नंबर गेला तर नंबर जातो. इंजिन गेलं तर गाडी जाते.

मी क्लच दाबला आणि डावा पाय चिखलात रोवला. गर्दी हळहळली. चढावर गाडी तोलताना उजवाही टेकला. दोन पाय. मी उभीच राहिले, हळूहळू थ्रॉटल देत, ती खोकली, शिंकली, आणि मग पुन्हा टक-टक-टक. तेव्हा क्लच सोडला.

धुऱ्याच्या टोकाला आबाजी उभे होते. त्यांनी काठी काखेत घेतली आणि हँडलवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. "मीही तेच केलो असतो," म्हणाले. "आता बंद नको करू. घरी जाऊ."

पहिला शालीकराम. दुसरी मी. प्रफुल तिसरा, आणि ते मी त्याला संध्याकाळपर्यंत विसरू दिलं नाही.

अंगणात मी गाडीवरूनच आले. आई वडे तळत होती, झारा हातात घेऊन बाहेर आली. आधी गाडीचा आवाज ऐकला, मग माझे चिखलानं भरलेले पाय पाहिले. मुन्नालालला म्हणाली, "भाऊ, वडे खाऊन जा. आन् तो जुना कूलर पडून हाय, तो घेऊन जा."

"और गाडी?"

"कोन्ती गाडी?"

आता सपरीत धानाचे कट्टे आहेत, आढ्यापर्यंत. गाडी माझ्या अभ्यासाच्या खोलीत आहे. ती सोय आईनंच केली. म्हणाली, बाहेर थंडीत ठेवली तर पुन्हा थिजेल. मी सांगितलं की आता त्यात टोरीचं तेल नाही, थिजणार नाही. "तरी," आई म्हणाली. टेबलापर्यंत जायला मला गाडीवरून उडी मारावी लागते. हँडल इतकं रुंद आहे की एका बाजूला माझा शाळेचा ड्रेस मावतो, दुसऱ्या बाजूला आईची साडी.

टोरीच्या तेलाची बाटली आई हल्ली कपाटात कुलूप लावून ठेवते. आबाजींना गुडघ्याला चोळायला लागतं तेव्हा ते मागतात आणि आई वाटीत मोजून ओतते, समोर उभी राहून.

"सगळं गुडघ्यालेच लावा," म्हणते.

कोंबडी मात्र टोपल्यात रमली नाही. काल सकाळी सीटवर अंडं होतं.